थंडीत मिरचीचं बी उगवत नाही? ट्रे रानात नको, आधी घरात ठेवा

तलवाडा (ता. गेवराई) : पऱ्हाटी उपटून रान मोकळं झालं की तलवाडा परिसरात उन्हाळी मिरचीची चर्चा सुरू होते. पैठणच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात आणि विहिरीला पाणी असलेल्या रानांत जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत लागवड करायची, तर रोप डिसेंबरात टाकावं लागतं. नेमका तोच महिना कडाक्याच्या थंडीचा. महागाचं पाकीट फोडायचं, ट्रे भरायचे आणि पंधरा दिवस काळ्या कोकोपीटकडे बघत बसायचं, असं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. दोष बियाण्याला दिला जातो, पण बऱ्याचदा बी चांगलं असतं, फक्त त्याला ऊब मिळालेली नसते.

मिरची मूळची आपली नाही. पोर्तुगीजांनी ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात इकडे आणली. उष्ण भागातलं पीक असल्याने तिच्या बियाला माती गरम लागते. मातीचं तापमान २५ ते ३० अंश असेल तर साधारण ८ दिवसांत कोंब वर येतो. २० अंशाला तेरा-चौदा दिवस लागतात, १५ अंशाला २५ दिवस आणि १० अंशाला बी उगवतच नाही. इथे हवेचं नाही, मातीचं तापमान धरायचं. दुपारी ऊन चटकत असलं तरी रात्रभर उघड्यावर राहिलेला ओला ट्रे सकाळी हात लावून बघा, बर्फासारखा गार लागतो. इतके दिवस गारठ्यात ओलं राहिलेलं बी मग कुजतं.

यावर उपाय सोपा आहे. पेरलेले ट्रे पहिले आठ-दहा दिवस रानात ठेवूच नयेत. ९८ किंवा १०४ कप्प्यांचे ट्रे भरून, एका कप्प्यात एक बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल टाकून, वरून कोकोपीटचा पातळ थर द्यावा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये, एवढंच ओलं असावं. मग दहा-दहा ट्रे एकावर एक रचून बंद खोलीत ठेवावेत आणि वरून गोणपाट व काळं प्लास्टिक चारी बाजूंनी गुंडाळावं. ट्रे थेट फरशीवर ठेवू नयेत, खाली लाकडी फळ्या किंवा कडब्याच्या पेंढ्या टाकाव्यात, नाहीतर फरशीचा गारवा खालच्या ट्रेला लागतो. खोलीत जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला तर आणखी बरं. एलईडीचा उपयोग नाही, ती उजेड देते, ऊब देत नाही. बल्ब मात्र प्लास्टिक आणि गोणपाटापासून हातभर लांब टांगावा. रात्री लाईट गेली तरी गोणपाटातली ऊब बराच वेळ टिकते.

घरात ठेवल्यावर दोन शत्रू तयारच असतात, उंदीर आणि मुंग्या. उंदीर एका रात्रीत ट्रेच्या रांगा उकरून बी फस्त करतो. खोलीचा बंदोबस्त आधी करावा.

पाचव्या दिवसापासून रोज ट्रे उघडून बघायचे. मधले ट्रे आधी उगवतात, वरचे-खालचे मागे राहतात. कोंब दिसला की तो ट्रे त्याच दिवशी उजेडात काढायचा. इथे एक दिवसाचा आळस महागात पडतो. अंधारात रोप दोऱ्यासारखं उंच होतं आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी ते सुधारत नाही.

घरचं सरळ वाणाचं बी असेल, म्हणजे परभणी तेजस, फुले ज्योती, पुसा ज्वाला यांसारखं, तर ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, सुती फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेला दोन दिवस ठेवता येतं. जुन्या बायका हेच करत आल्यात. नंतर ते सुकवून किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा. कंपनीच्या पाकिटातलं रंगीत बी मात्र भिजवू नये, त्यावरचं औषध धुऊन जातं. ते उघड्या हातानेही धरू नये.

उगवल्यानंतर ट्रे कीटकरोधक जाळीत, उन्हात. संध्याकाळी पाचला काठ्यांच्या कमानीवर प्लास्टिक ओढायचं आणि सकाळी नऊला काढायचं. दिवसभर झाकून ठेवलं की आत दव धरतं आणि रोपं कोलमडायला लागतात. पाणी सकाळी अकराच्या आसपास द्यावं, तेही थेट विहिरीचं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, रात्रभर टाकीत राहिलेलं गार. कोलमड दिसलीच तर पाणी कमी करावं आणि लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी करावी.

थंडीत पानं पिवळट पडली की युरियाचं पाणी सोडण्याची घाई होते. गारठ्यात मुळी अन्न उचलत नाही, म्हणून पान पिवळं पडतं. दोन-चार दिवस ऊन मिळू द्यावं, मग लिटरला २ ग्रॅम १९:१९:१९ पुरे. एरवी ३५ ते ४० दिवसांत तयार होणारं रोप या दिवसांत ४५ ते ५० दिवस घेतं, हे धरूनच पेरणीची तारीख ठरवावी.

हिशेब असा. पाच फुटी बेडवर सव्वा फुटाने एक रोप लावलं तर एकराला जवळपास ७ हजार रोपं बसतात. मर-तूट धरून ७५ ते ८० ट्रे भरावेत.

सगळं बी एकदम टाकण्याआधी प्रत्येक लॉटमधलं ५० बी ओल्या फडक्यात उबेला ठेवून बघावं. उबेतही आठ-दहा दिवसांत निम्मं उगवलं नाही, तर तिथे दोष बियाण्याचा. मग पावती, रिकामं पाकीट आणि लॉट नंबर घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार देता येते. पाकिटातलं थोडं बी न पेरता तसंच शिल्लक ठेवावं, तपासणीला तेच लागतं.