केर्नगॉर्म पठार दुर्घटना

केर्नगॉर्म पठार दुर्घटना ही नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतराजीत घडलेली दुर्घटना होय. एडिनबरा येथील एका शाळेच्या दोन दिवसांच्या पदभ्रमण मोहिमेतील पाच विद्यार्थी व १८ वर्षांची एक साहाय्यक मार्गदर्शक हिमवादळात सापडून मरण पावले. ब्रिटनमधील सर्वांत भीषण गिर्यारोहण अपघातांत तिची गणना होते.

घटनाक्रम

२० नोव्हेंबर रोजी, शनिवारी, दोन तुकड्या एकाच मार्गाने निघाल्या. केर्नगॉर्मचे पठार ओलांडून, बेन मॅकडुई (१,३०९ मी.) या शिखरावरून पलीकडच्या खोऱ्यात उतरावयाचे होते. हवामान बिघडल्यास पठारावरील ‘करन’ नावाच्या छोट्या निवाऱ्यात थांबण्याचे ठरले होते. अधिक अनुभवी मुलांची पुढील तुकडी तेथे पोहोचली. मागील तुकडीत १५-१६ वर्षांचे सहा विद्यार्थी, एक तरुण प्रशिक्षिका आणि तिची साहाय्यक होती. त्यांना निवारा गाठता आला नाही व उघड्यावरच मुक्काम करावा लागला. मुक्कामाची जागा खोलगट होती. वाऱ्याने उडणारा हिम अशाच जागी साचतो. स्लीपिंग बॅगांसह मुले हिमाखाली गाडली जाऊ लागली. रविवारी तेथून निघण्याचा प्रयत्न फसला आणि दुसरी रात्रही तेथेच गेली.

रविवारी सायंकाळपर्यंत तुकडी न परतल्याने शोध सुरू झाला. सोमवारी सकाळी हेलिकॉप्टरमधून प्रशिक्षिका हिमावर रांगत मदतीसाठी जाताना दिसली. ती आणि एक विद्यार्थी एवढेच वाचले. दोघांनाही तीव्र हिमदंश झाला होता.

चौकशी व निवाऱ्यांचा वाद

फेब्रुवारी १९७२ मध्ये बॅन्फ येथे चौकशी झाली. शालेय मोहिमांच्या मार्गदर्शकांची पात्रता आणि पालकांना दिली जाणारी माहिती या बाबींवर ज्यूरीने शिफारशी केल्या. मात्र मुलांची साहसवृत्ती खच्ची होऊ नये, असेही नमूद केले.

खरा वाद पठारावरील निवाऱ्यांवरून पेटला. निवाऱ्यामुळे जीव वाचतात, असे समर्थकांचे म्हणणे होते. विरोधकांच्या मते, हिमवादळात दोन पावलांपुढचे दिसत नसताना, बहुधा हिमाखाली बुजलेली एवढीशी झोपडी शोधणे जवळजवळ अशक्य असते. तरीही तिच्या भरवशावर माणसे वेळीच खाली न उतरता वर जात राहतात. या दुर्घटनेत पहिली तुकडी करनमुळेच सुखरूप राहिली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा उपलब्ध होता. अखेर १९७५ मध्ये करन निवारा पाडण्यात आला.