उतरलेल्या वस्त्रांचा व्यापार

उतरलेले कपडे विकत घेणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. नवें आहे तें इतकेंच, कीं ज्या पेढीनें कपडा प्रथम विकला तीच आतां तो जुना झाल्यावर परत मागावयास येते, आणि सुस्थितींतील माणसें खुशीनें तिचीं गिऱ्हाइकें होतात. हा पालट कसा घडला?

लंडनचा मॉन्मथ स्ट्रीट हा रस्ता एके काळीं जुन्या कपड्यांच्या दुकानांसाठीं प्रसिद्ध होता. डिकन्सनें १८३६ सालीं त्यावर एक सबंध लेख लिहिला आहे. हातानें कांतलेलें, विणलेलें व शिवलेलें वस्त्र ही त्या पूर्वीच्या काळीं मालमत्ताच असे. धन्याचा कोट नोकराकडे, नोकराकडून दुकानदाराकडे आणि तेथून एखाद्या गरीब कारकुनाच्या अंगावर जाई. अडचणींत तो गहाणही पडे. पुढें यंत्रमाग आला, शिवणयंत्र आलें, तयार कपडे स्वस्त झाले, आणि जुना कपडा हळूहळू दानाची वस्तु बनला. अमेरिकेंत बोस्टन येथें १९०२ सालीं पाद्री एडगर हेल्म्स यांनीं सुरू केलेली गुडविल संस्था घरोघरचे जुने जिन्नस गोळा करी, गरजूंकडून ते दुरुस्त करवी व विकी. काम स्तुत्य खरें. पण जुन्या कपड्याला दारिद्र्याचा वास चिकटला तो चिकटलाच.

तो वास घालविण्यास नांवाजलेल्या पेढ्यांचा मोठा हातभार लागला. स्त्रियांचीं वस्त्रें करणारी आयलीन फिशर ही अमेरिकन पेढी २००९ पासून आपलेच जुने कपडे परत घेऊं लागली. नगामागें पांच डॉलरची पावती. आपल्याकडील बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडें देई, तें निदान घरांत राहत असे. ही पावती मात्र त्याच दुकानांत खर्चावयाची! २०२० सालीं लीव्हाइस या जुन्या पेढीनेंही हाच मार्ग धरला.

पॅटॅगोनिया या कॅलिफोर्नियांतील पेढीची कथा अधिक चमत्कारिक आहे. २५ नोव्हेंबर २०११ रोजीं, म्हणजे अमेरिकेंतील ऐन खरेदीच्या दिवशीं, तिनें न्यूयॉर्क टाइम्समध्यें पानभर जाहिरात दिली: ‘हें जाकीट विकत घेऊं नका’. एका जाकिटामागें १३५ लिटर पाणी लागतें, असा हिशेबही तिनें दिला. त्याच वर्षीं ईबेच्या बाजारांत आपल्या मालाच्या फेरविक्रीची सोय तिनें केली, आणि २०१७ त स्वतःचें वेगळें दुकान मांडलें. परंतु त्या जाहिरातीच्या पुढल्याच वर्षीं तिच्या नव्या मालाचा खप वाढला होता.

गिऱ्हाइकाचें गणित सोपें आहे. अनोळखी विक्रेत्याकडे माल खरा कीं खोटा ही धास्ती असते. पेढी आपला माल ओळखते, धुऊन-सांधून देते आणि डागही सांगते. दागिना घेतांना आपण मोडीला काय येईल हें विचारतों, तसें आतां कोट घेतांनाही विचारतां येतें. मात्र मोडीची खात्री झाली म्हणजे हात सैल सुटतो, आणि पाणी वांचविण्याची भाषा तेथेंच लटकी पडते असें मला वाटतें. जुना कोट घेणारानें नव्याचा बेत सोडला तरच कांहीं वांचलें. पेढीच्या वहींत तर दोन्ही विक्री जमेसच धरल्या जातात.

शिवाय ही सोय मुख्यतः जाड विणीच्या, उसवल्यास पुनः शिवतां येणाऱ्या महाग कपड्यांपुरतीच आहे. चार धुण्यांत विरणारें स्वस्त झंपर परत घेऊन विकूं म्हटलें, तर पेढीला धुलाई-टपालाचा खर्चही सुटावयाचा नाहीं.