ओट्यावरची गोळी

रक्ताच्या कर्करोगाची पहिली कडक केमो संपली की लहान मुलाला पुढे दीड-दोन वर्षे ‘सिक्स-एमपी’ (मर्कॅप्टोप्युरिन) या केमोच्या औषधाची गोळी घरीच द्यावी लागते. 50 मिलिग्रॅमची गोळी बऱ्याचदा डोसापेक्षा मोठी असते, म्हणून आई ती मोडते. मूल गिळत नाही, म्हणून वेलदोडे कुटायच्या खलात तिची पूड करते. त्यातली थोडी उडते, आईच्या श्वासात जाते, ओट्यावर बसते. आणि संध्याकाळी चहाचे आले त्याच खलात ठेचले जाते. घरातल्या केमोच्या औषधांपासूनची सुरक्षितता या विषयाच्या नव्या अभ्यासकांनी सुरुवात या ओट्यापासून करावी, असे मला मनापासून वाटते.

आपले बहुतेक ज्ञान रुग्णालयात जमले. केमोची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकीय बदल घडवू शकणारी द्रव्ये आढळल्याचे 1979 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवले. 2004 मध्ये अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने अशा धोकादायक औषधांची यादीच दिली. हातमोजे आले, बंदिस्त कपाटे आली. दरम्यान कॅपेसिटाबिन, हायड्रॉक्सियुरिया, मेथोट्रेक्सेट गोळ्यांच्या रूपात घरी पोचली होती.

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण नीट पाहावे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढे पुरत नाही. ‘गुरुवारी’ असा वार लिहावा, आणि घरात सगळ्यांना तो ठाऊक असावा. गोळ्या रोजच्या औषधांच्या डब्यात मिसळू नयेत. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने त्यांना हात लावू नये. बाकीच्यांनीही हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. कुटण्याआधी पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारावे.

उरलेल्या गोळ्यांचे काय? 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रुग्णालयातला असा कचरा 1200 अंश सेल्सिअसच्या वर जाळावा लागतो. घरातला मात्र घंटागाडीत पडतो आणि कचरावेचक बाईच्या उघड्या हातांत येतो. तो औषध देणाऱ्या रुग्णालयानेच परत घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

औषध मलमूत्रातूनही बाहेर पडते, म्हणून केमोच्या गोळीनंतर निदान 48 तास संडास झाकण लावून दोनदा फ्लश करा, असे माहितीपत्रके सांगतात. चाळीतल्या सामाईक संडासात, पाणी तासभरच येत असताना, हा सल्ला कसा पाळायचा? या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांपैकी सर्वांत मोठे याच प्रश्नाला दिले आहे.