युरोपीय संसदेची निवडणूक आणि ब्रिटनमधील गोमंतकीय मतदार

युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक जून १९७९ मध्ये झाली. सदस्यराष्ट्रे ही निवडणूक आपापल्या कायद्यानुसार घेतात. त्यामुळे संसद एक असली तरी मतदार कोण, या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी वेगळे येते. ब्रिटनमधील गोमंतकीय समाजाच्या वाट्याला ही विसंगती विशेषत्वाने आली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने खुली ठेवली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाल्यावर या नागरिकत्वाला निराळेच मोल आले. पोर्तुगीज पारपत्र घेऊन अनेक कुटुंबे पोर्तुगालऐवजी इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडन येथे, स्थायिक झाली. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, ही त्याची किंमत होती आणि ती लहान नव्हती.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने सदस्यराष्ट्राच्या नागरिकास वास्तव्याच्या देशात युरोपीय संसदेसाठी मतदानाचा हक्क दिला. ब्रिटनने मात्र आपल्या जुन्या परंपरेनुसार तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांनाही हा हक्क दिला होता. म्हणजे भारतीय पारपत्र बाळगणारा गोमंतकीयही या निवडणुकीत मतदार ठरत असे! २००४ मध्ये स्विंडनचा नैर्ऋत्य इंग्लंड मतदारसंघ जिब्राल्टरला जोडला गेला. जिब्राल्टरमधील राष्ट्रकुल नागरिकांच्या मतदानास स्पेनने आक्षेप घेतला. परंतु १२ सप्टेंबर २००६ रोजी युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. त्याच २००४ च्या निवडणुकीत मूळ गोमंतकीय घराण्यातील आंतोनियु कोश्ता पोर्तुगालमधून युरोपीय संसदेवर निवडून गेले होते, हा योगायोगच म्हणावा लागेल.

खरी अडचण २३ मे २०१९ च्या मतदानात उघड झाली. युरोपीय नागरिकांना आपण अन्य देशात मतदान करणार नाही असे स्वतंत्र घोषणापत्र ७ मेपर्यंत सादर करावे लागे आणि निवडणूक निश्चितपणे होणार हे सरकारने त्याच दिवशी जाहीर केले. परिणामी मतदारयादीत नाव असूनही ब्रिटनभर अनेक युरोपीय नागरिकांना मतदान न करता परतावे लागले. राष्ट्रकुल नागरिकांना या घोषणापत्राची अट नव्हती.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. तेथे राहणारा भारतीय पारपत्रधारक गोमंतकीय आजही ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतो. पोर्तुगीज पारपत्रधारकास मात्र, ब्रिटिश नागरिकत्व घेतले नसल्यास, इंग्लंडमध्ये केवळ स्थानिक निवडणुकीपुरताच हा हक्क उरला आहे.