अर्ध्या सूर्याचे अकरा किरण

चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ ही कादंबरी हातात घेतली, तेव्हा मला वाटलं, नाव काव्यात्म आहे. अर्धा पिवळा सूर्य. वाचताना कळलं, की हे तर एका झेंड्याचं साधं वर्णन आहे. मग फोनवर त्या झेंड्याचं चित्र शोधलं. वर लाल, मध्ये काळा, खाली हिरवा पट्टा. काळ्या पट्ट्यावर उगवणारा अर्धा सूर्य. चित्र मोठं करून मी किरण मोजले. अकरा.

हा झेंडा बियाफ्राचा. नायजेरियाचा पूर्व भाग ३० मे १९६७ रोजी या नावाने वेगळा झाला आणि १५ जानेवारी १९७० रोजी हा देश संपलासुद्धा.

शाळेत आपण तिरंग्याच्या रंगांचे अर्थ पाठ केले, तसे बियाफ्राच्या मुलांनीही आपल्या झेंड्याचे केले असणार. पण त्यांच्या रंगांना ताजी जखम होती. जानेवारी १९६६ मध्ये लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी बंड करून पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांच्यासह बड्या नेत्यांना मारलं. बंड करणाऱ्यांत इग्बो अधिकारी जास्त होते. त्याचा सूड उत्तरेत राहणाऱ्या सामान्य इग्बोंवर उगवला गेला. हजारो माणसं मारली गेली, लाखो जीव मुठीत धरून पूर्वेला पळाली. लाल म्हणजे त्यांचं रक्त, काळा म्हणजे त्यांचं सुतक, हिरवा म्हणजे समृद्धी आणि सूर्य म्हणजे उद्याचा दिवस. हेच तीन रंग मार्कस गार्वे यांच्या संघटनेने १९२० मध्ये जगभरच्या काळ्या लोकांसाठी निवडले होते.

इथपर्यंत वाचून मी मनाने पूर्णपणे बियाफ्राच्या बाजूला गेलो होतो. अडखळलो त्या अकरा आकड्यापाशी.

हे किरण म्हणजे पूर्वेचे अकरा जुने प्रांत, असं सांगितलं जातं. पण पूर्वेत फक्त इग्बो नव्हते. एफिक, इबिबिओ, इजॉ, ओगोनी असे कितीतरी समाज तिथे होते. समुद्रकिनारा, बंदरं आणि तेलाचा मोठा भाग त्यांच्या मुलखात होता. २७ मे १९६७ रोजी लष्करी शासक याकुबू गोवॉन यांनी देशाची १२ राज्यं केली. पूर्वेचे तीन तुकडे झाले, इग्बोंचं राज्य समुद्रापासून तुटलं. तीनच दिवसांनी ओजुक्वू यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. तो सूर्य नीट पाहिला तर त्यात एक दावाही दिसतो : हे सगळे प्रांत आमचे, एकत्र.

प्रत्येक किरणाला विचारलं होतं का? उत्तर सरळ नाही. ओगोनी लेखक केन सारो-विवा नायजेरियाच्या बाजूने गेले, बॉनी बंदराचे प्रशासक झाले. उलट फिलिप एफियाँग इबिबिओ असूनही बियाफ्राच्या सैन्यात वरच्या पदावर होते. ओजुक्वू देश सोडून गेल्यावर शरणागती पत्करायची वेळ त्यांच्यावरच आली. बियाफ्राच्या राष्ट्रगीताचे शब्द ज्यांच्या कवितेवरून घेतले, ते नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नामदी अझिकिवे १९६९ मध्ये नायजेरियाच्या बाजूला परतले होते.

तोवर नाकेबंदीने उपासमार झाली होती. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, त्यात मुलं फार. सैनिकांच्या बाहीवर अर्धा सूर्य होता, नोटांवरही होता. युद्ध संपल्यावर त्या नोटा रद्दी झाल्या. बँकेत कितीही पैसे असोत, खातेदाराच्या हातावर टेकवले २० नायजेरियन पौंड.

आणि सारो-विवा? पुढे ते ओगोनींच्या जमिनी तेलाने नासवणाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. १९९५ मध्ये नायजेरियाच्या लष्करी राजवटीने त्यांना फाशी दिली. एका झेंड्याने त्यांच्या लोकांना न विचारता मोजलं, दुसऱ्याने त्यांचं तेल मोजलं.

आज युद्ध न पाहिलेली तरुण मुलं हा झेंडा घेऊन मोर्चे काढतात. स्वतंत्र बियाफ्रा मागणाऱ्या ‘आयपीओबी’वर नायजेरियाने २०१७ मध्ये बंदी घातली. त्या मुलांचा राग मला खोटा वाटत नाही. आजोबांच्या खात्यातले पैसे बुडाले, दुःखावर कोणी नीट बोललं नाही, अशा घरात झेंडा जपला जाणारच.

पण हल्ली कुठलाही नवा झेंडा दिसला, की मी रंगांच्या अर्थावर थांबत नाही. त्यावरचे तारे, किरण, पट्टे मोजतो. आणि शोधतो, त्यातल्या कोणाकोणाला विचारलं होतं.