बुडालेल्या विमान कंपनीचे तिकीट

१/ माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला कोया पुनेमची जत्रा भरते. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा येथून गोंड भाविक पारी कुपार लिंगोच्या या ठाण्यावर येतात. रेल्वेने येणारे दरेकसा स्थानकात उतरतात. दूर नोकरी करणाऱ्याला मात्र नागपूरपर्यंत विमान सोयीचे पडते. जत्रेची तिथी कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी विमान कंपनीच बुडाली, तर तिकिटाचे काय होते? या प्रश्नाचा इतिहास विदर्भात पंच्याहत्तर वर्षे मागे जातो. #थ्रेड

२/ दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची डकोटा विमाने भारतात स्वस्तात विकायला निघाली. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही त्याच युद्धाची देणगी. विमाने स्वस्त, वैमानिक रिकामे, परवाने सहज. त्यामुळे पाहता पाहता विमान कंपन्यांचे पीक आले. देशात तेवढे प्रवासी मात्र नव्हते.

३/ ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवाशांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. हे काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे होते. काही महिन्यांतच ही कंपनी बंद पडली. त्याच सुमारास मुंबईची अंबिका एअरलाइन्स आणि ज्युपिटर एअरवेज याही बुडाल्या.

४/ टपाल थांबणे सरकारला परवडणारे नव्हते. त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनने नागपूरची सेवा पुन्हा उभी केली. थैल्यांमागे सरकार उभे होते. प्रवाशामागे कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

५/ १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. निदान नेमके होते: धंद्याच्या मानाने कंपन्या जास्त. समितीने तत्काळ राष्ट्रीयीकरण नको, स्वेच्छेने विलीनीकरण करा, असे सुचवले. कंपन्यांनी ते मनावर घेतले नाही. अखेर १९५३ चा हवाई महामंडळ कायदा आला आणि १ ऑगस्टपासून खासगी कंपन्या सरकारजमा झाल्या.

६/ या कायद्यातील एक तरतूद सहसा दुर्लक्षित राहते. महामंडळांकडे कंपन्यांची मालमत्ता गेली, तशी त्यांची देणी आणि बंधनेही गेली. म्हणजे कंपनी संपली तरी तिने दिलेल्या शब्दाला वारस होता. दरेकशावरून जाणाऱ्या बंगाल नागपूर रेल्वेचेही १९४४ मध्ये असेच झाले होते: कंपनी गेली, गाड्या धावत राहिल्या.

७/ १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्यानंतर ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त यांनी १९९७ पर्यंतच मान टाकली. २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले. ३ मे २०२३ पासून मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्टची उड्डाणे थांबली. नागपूरहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांच्या रोजच्या पर्यायांपैकी ही एक कंपनी होती.

८/ आता वारस कोण? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागू होते. कंपनीविरुद्धचे दावे गोठतात, ग्राहक मंचातलेसुद्धा. एरवी विमान रद्द झाल्यास पैसे परत करण्याची सक्ती असते. गो फर्स्टलाही नियामकाने परताव्याचे आदेश दिले होते, पण १० मे २०२३ ला स्थगिती लागली. प्रवासी आता ग्राहक उरला नाही, धनको झाला. त्याने मुदतीत लेखी दावा सादर करायचा आणि वाट पाहायची.

९/ ही रांग कशी असते? अवसायनात प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्जदाते, सरकारी देणी. आणि त्यानंतरच्या ‘उरलेल्या देण्यां’मध्ये तिकीटधारक. त्याच्यामागे जवळपास फक्त भागधारक. विरोधाभास असा, की २०१८ च्या दुरुस्तीने सदनिका घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. आगाऊ पैसे दोघांनीही भरलेले. आसन घेणारा मात्र तळाशीच राहिला. (आसनासाठी मोर्चे निघत नाहीत, हेही एक कारण असावे.)

१०/ व्यवहारात पैसे सुटण्याची खरी वाट कार्डाची. कार्डाने पैसे भरले असतील आणि सेवाच मिळाली नसेल, तर प्रवासी आपल्या बँकेकडे हरकत नोंदवतो. ती रक्कम कंपनीसाठी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या बँकेकडून वसूल केली जाते. नुकसान त्या बँकेच्या माथी येते. म्हणूनच कंपनी डळमळू लागली की अशा बँका तिचे पैसे अडवून धरतात आणि तिचा शेवट आणखी जवळ आणतात. रोखीने तिकीट काढलेल्याला हे कवच नाही.

११/ ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९७४ च्या ऐन उन्हाळ्यात कोर्ट लाइन बुडाली आणि पुढच्याच वर्षी सहलप्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा झाला. २३ सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक कोसळली, तेव्हा सरकारने विमाने भाड्याने घेऊन सुमारे दीड लाख प्रवासी दोन आठवड्यांत मायदेशी आणले. त्या कोसळण्याचा फटका गोव्यालाही बसला. हंगामाच्या तोंडावर तिथली चार्टर विमाने रद्द झाली.

१२/ जेटच्या वेळी भारतात असा निधी नव्हता, गो फर्स्टच्या वेळीही नव्हता. पर्यायी प्रवास ज्याचा त्यानेच शोधायचा होता, तोही आसने घटल्याने चढलेल्या दरात. विदर्भाच्या या टोकाला तो पर्याय जुनाच आहे: मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. दोन्ही गोंदियाला संपतात. पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा.

१३/ बिरसीहून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली; ती वर्षभरही टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगो आली. जेटच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला दिला, गो फर्स्टचा न्यायाधिकरणाने २० जानेवारी २०२५ ला. जेटचे शेवटचे विमान उतरल्यापासून त्या आदेशापर्यंत कचारगडला पाच जत्रांच्या तिथी येऊन गेल्या होत्या.