सही, अंगठा आणि वामनदादा

पॉप गायक म्हटला की आमच्या चिरंजिवांच्या डोळ्यांपुढे गिटार, धूर आणि फाटकी पँट अशी त्रिमूर्ती उभी राहते. गाणं स्वतः लिहायचं, स्वतः गायचं आणि ऐकणाऱ्यांनी बेभान व्हायचं, अशी त्या धंद्याची व्याख्या आहे म्हणे. आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. व्याख्या दिसली की ती कुठल्या खात्याला लागू पडते ते तपासायची खोड. तशी तपासत गेलो तर, निदान आमच्या हिशेबी, महाराष्ट्रातला मोठा मान एका अशा माणसाकडे जातो, ज्याच्याकडे ना गिटार होती ना धूर. वामन तबाजी कर्डक हे त्यांचं नाव. सगळा मुलूख त्यांना वामनदादा म्हणतो.

नाव ओळखीचं वाटलं नाही तरी गाणी तुमच्या कानांवरून गेलेली आहेत. चौदा एप्रिलला गेवराईपासून परळीपर्यंत कुठल्याही चौकात उभे राहा. कर्ण्यातून बाबासाहेबांची गाणी येतात, त्यांत वामनदादांचं एखादं नाही असं होतच नाही. रिक्षावाला ते गुणगुणतो, बँडवाला वाजवतो, म्हातारी बाई ओवी म्हणावी तसं म्हणते. लिहिलं कोणी, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आमच्या कॉलनीत मात्र त्या दिवशी खिडक्या लावून घेतात. पोरांचा अभ्यास असतो. गणपतीत तीच पोरं, तोच अभ्यास आणि दुप्पट कर्णे असतात, तेव्हा खिडक्या सताड उघड्या! असो.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी. तारीख उत्तम निवडली होती, पण पंचवीस वर्षं आधी आल्यामुळे सुट्टी काही मिळाली नाही. शाळाही मिळाली नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, हाताला जे लागेल ते केलं. मुक्काम शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत. तिथं एकदा एक गृहस्थ पत्र घेऊन आले आणि म्हणाले, जरा वाचून दाखव. दादांना वाचता येत नव्हतं. आणायला आलेल्यालाही येत नव्हतं. दोन माणसं, मध्ये एक कागद, आणि कागद मुका! त्या दिवशी दादांना रडू कोसळलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

हे रडणं बँकेत बसणाऱ्याला लवकर कळतं. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाडी, पोरंबाळं, भांडीकुंडी सगळं कारखान्याच्या वाटेला लागतं. अशा माणसांपैकी कुणी काउंटरवर येतं, तेव्हा आम्ही शाईचा पॅड पुढं सरकवतो. 'निशाणी डावा अंगठा'. अंगठा उमटवून झाला की म्हातारा तो डोक्याच्या केसांना पुसतो आणि इकडं तिकडं बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना! स्वतःच्याच कष्टाचे पैसे काढायचे आणि वर ओशाळायचं.

दादा मात्र ओशाळून थांबले नाहीत. समता सैनिक दलात देहलवी नावाचे मास्तर होते, त्यांनी बाराखडी गिरवून घेतली. पुढचा अभ्यासक्रम मुंबईच्या दुकानदारांनी पुरवला. दादा रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जात आणि जोडाक्षरं सोडवत. फी नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. आम्ही सरकारी खर्चानं पंधरा वर्षं शिकलो आणि व्हाउचर लिहू लागलो. हा माणूस पाट्यांवर शिकला आणि कवी झाला!

आमच्या अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५. त्यांनी 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा लिहिला, कापडाच्या पासोडीवरही लिहिलं. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. वामनदादांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाट्याला शाई आली ती अंगठ्यापुरतीच. ती ३ मे १९४३ ला पहिल्यांदा गाण्याकडे वळली. पहिलं गाणं म्हणजे एका हिंदी गाण्याचं विडंबन. उसनी चाल म्हणून नाक मुरडू नका. श्रोत्याला वाचता येत नाही, छापून वाटायला पैसे नाहीत. अशा वेळी ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवले की ते सकाळपर्यंत पाठ होतात. न वाचणाऱ्यांचं ते वर्तमानपत्रच होतं.

मग ढोलकी-पेटीची साथ घेऊन दादा गावोगाव हिंडले. दहा हजारांवर गाणी रचली असं म्हणतात. शाहिराचं एक गाणं म्हणजे आपली दहा भाषणं, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगितलं जातं. हा विनिमयाचा दर धरला तर दादांच्या नावावर एक लाख भाषणं जमा होतात! १९७३ साली 'वाटचाल' हा संग्रह आला. १९९३ ला वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १५ मे २००४ ला गेले.

आता एक तांत्रिक मुद्दा. गाणं तोंडातोंडी फिरायला लागलं की मालक हरवतो. संतांना हे ठाऊक होतं, म्हणून 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. दादांनीही तेच केलं. शेवटच्या कडव्यात 'वामन' असा गुंफून ठेवला की काढायला गेलं तर मात्रा तुटते, यमक लंगडतं. आमच्या भाषेत हा 'अकाउंट पेयी' क्रॉस केलेला चेक. दुसऱ्याच्या खात्यात वटायचा नाही. पण आम्हाला त्यात हिशेबापेक्षा वेगळंच काही दिसतं. ज्याच्या वाट्याला जन्मभर अंगठाच यायचा होता, तो माणूस दहा हजार वेळा सही करून गेला.

हल्ली आमच्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळेच सकाळी यंत्रावर बोट टेकवून हजेरी लावतात, आणि कुणीही ते केसांना पुसत नाही. पुढच्या चौदा एप्रिलला कर्णा सुरू झाला की एवढंच करा: शेवटचं कडवं होईपर्यंत खिडकी लावू नका. सही तिथं असते.